क्लॅरीच्या बापाची झोपडी

गुरुवार, ७ फेब्रुवारी

आजपासून मी मास्तरीण. इतकी वर्षं शाळेची बस चालवली, पोरांना "खाली बस" म्हणून ओरडून घसा बसला. आता म्हाताऱ्यांना "बटण सोड" म्हणून ओरडायचं. दर गुरुवारी संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये मी हातातलं जीपीएस शिकवणार. यंत्रात नकाशा कसा चढवायचा, खूण कशी साठवायची, बाणाच्या मागे कसं जायचं. हे मला उत्तम येतं. उगाच विनय कशाला?

पहिलाच वर्ग आणि हॉल भरला. शिकारी, मासे पकडणारे, शिवाय अख्खा भटकंती क्लब. एकाने घरूनच नकाशा चढवून आणला होता, तो क्वीन्सलँडचा. म्हटलं, "बाबा रे, टास्मानियात मगरी शोधणार आहेस का?" एकीने केबल उलटी घुसवायला इतका जोर लावला की मी ती तिच्या हातातून काढूनच घेतली. पण शेवटी सगळ्यांच्या पडद्यावर आपापली नदी उमटली आणि लहान पोरांसारखे हरखले.

क्लबचा अध्यक्ष नेव्हिल स्टबिंग्ज गळ्यात होकायंत्र लटकवून आला होता. म्हणाला, "लोरेन, बॅटरी संपली की काय करायचं?"

"तुझी जीभ थकेल, पण माझी बॅटरी थकायची नाही," मी म्हटलं. हॉल हसला.

क्लॅरी मागच्या खुर्चीत बसून स्कोन खात होता. क्लॅरी माझा सासरा. म्हणजे होता. माझा नवरा डॅरिल दातांच्या दवाखान्यातल्या पोरीबरोबर पळाला त्याला आता कैक वर्षं झाली, पण मी क्लॅरीच्या आवारातल्या मागच्या घरात राहत होते ती राहतेच आहे. निघ असं कोणी म्हणालं नाही, मीही निघाले नाही. त्याचं जेवण मी बघते, माझं सरपण तो फोडतो, आणि दिवसभर आम्ही भांडतो.

घरी येताना गाडीत म्हणाला, "पोरी, तुझ्या त्या खेळण्यात माझ्या बापाची झोपडी सापडेल का?"

झोपडीची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांनी माहीत आहे. क्लॅरीचा बाप हिवाळाभर वर टियर्स डोंगररांगेच्या माथ्यावर राहून पॉसम आणि वॉलबींना फासे लावायचा, कातडी विकायचा. क्लॅरी नऊ वर्षांचा असल्यापासून त्याच्याबरोबर जायचा. मग कातड्यांचा धंदा बसला, वणवे लागले, रान पुन्हा माजलं, आणि आता तिकडे जाऊन त्याला पन्नास वर्षं झाली.

"ईस्टर झाला की जेनिस मला लॉन्सेस्टनला कायमचा नेणार," तो आपल्या लेकीबद्दल म्हणाला. "एकदा तिथं गेलो की हा खुबा मला परत डोंगर चढू देत नाही. जायचं तर आत्ताच. एकदा बघायची आहे."

मागून घेणारा माणूसच नव्हे तो. बटाटेसुद्धा हक्काने हिसकावतो. मी म्हटलं, "त्यात काय? आकडे द्या, दारात नेऊन उभी करते."

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आकडे मिळाले! वाचनालयातल्या जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यात टियर्सच्या माथ्याचा एक पिवळा पडलेला सरकारी नकाशा होता. त्यात छोट्या तळ्याच्या वरच्या अंगाला, बारकासा काळा चौकोन. झोपडी. नव्या नकाशावर तिथं नुसतं हिरवं आहे. पट्टी लावून आकडे काढले, यंत्रात घातले, तीनदा तपासले.

वर्गात हे सांगितलं ही माझी चूक झाली. नाही, चूक कसली. सांगावंसं वाटलं, सांगितलं. क्लब जुन्या झोपड्यांची पुस्तिका काढतोय, प्रत्येक झोपडीचे आकडे छापून. म्हणजे कोणीही उठावं आणि जावं. नेव्हिल म्हणाला, "ती? ती साठ सालच्या वणव्यात जळाली. माझे काका सांगायचे."

"तुझे काका तिथं होते?"

"नव्हते, पण..."

"मग पण-बिण नको. मी सगळ्यांना घेऊन जाते. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

क्लॅरीने स्कोन बशीत ठेवला आणि म्हणाला, "सगळ्यांना कशाला?" मी म्हटलं, "अहो, शोधायला जास्त डोळे बरे." परत येताना गाडीत गप्प. म्हाताऱ्याला सर्दी होणारसं दिसतंय.

रविवार, २ मार्च

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

सकाळी चार गाड्या घेऊन तळ्यापर्यंत गेलो. क्लॅरीला घडीची खुर्ची घेऊन झुडपांच्या कडेपर्यंत नेलं आणि तिथंच बसवलं. पुढचं रान दाट, टी-ट्री आणि काटेरी वेलांचं. माणूस दोन हात पुढे गेला की दिसेनासा होतो. नेव्हिलने त्याला विचारलं, "क्लॅरी, अंदाजे कुठल्या बाजूला?"

"आठवत नाही बुवा," क्लॅरी म्हणाला.

नेव्हिल वळला तसा क्लॅरीने माझ्याकडे बघून हनुवटी उजवीकडे झटकली. दोनदा. माशा फार होत्या तिथं.

मी पुढे, बाण माझ्या हातात. अंगावर ओरखडे, बुटात जळवा, पण आकडा उतरत चालला होता आणि मी मोठ्याने वाचत होते. पन्नास मीटर! वीस! सहा! मग यंत्राने किणकिण केलं: पोहोचलात.

कुठे पोहोचलात? कपाळ! पायाखाली चिखल, समोर जळकी खोडं, भोवती झुडपं. ना भिंत, ना फळी, ना चुलीचा दगड. आम्ही हात धरून गोल फिरलो. मग मोठा गोल काढला. दुपारपर्यंत सगळे उपाशी, आणि नेव्हिलला काय तो आनंद!

"जळकी खोडं बघ, लोरेन. मी सांगितलं नव्हतं? आणि तुझी पेटी म्हणते, पोहोचलात!"

क्लबवाले हसले. हसू देत. नाचता येईना अंगण वाकडं असं मी म्हणणार नाही. यंत्र बरोबर होतं, आकडे बरोबर होते, झोपडीच तिथं नव्हती. म्हणजे जळालीच असणार. हे क्लॅरीला कसं सांगायचं या विचाराने मला परतीच्या वाटेवर रडू येत होतं.

आणि म्हातारा? खुर्चीत बसून शीळ घालत होता! मी म्हटलं, "सापडली नाही हो." तर म्हणाला, "अरेरे," आणि नेव्हिलला आपल्या डब्यातली खिमा भरलेली मीट-पाय देऊ केली. याला काय म्हणावं? आपण रक्त सांडावं आणि यांना त्याचं काही नाही.

बुधवार, ५ मार्च

जेनिसचा फोन. घर विकायला काढलंय, फोटो काढायला माणूस येणार आहे, मागचं घरही दाखवायचंय, तेव्हा "तुझं सामान जरा आवरशील का, लोरेन?" आवरीन की. मी डेव्हनपोर्टला एक फ्लॅट बघून ठेवलाय. खिडकीतून समुद्राचा तुकडा दिसतो. सरपण नको, कोंबड्या नकोत, कोणाची बोलणी ऐकायला नकोत. सुटले एकदाची.

दुपारी कळलं की क्लॅरीने आपले डोंगरातले बूट गावच्या दानाच्या दुकानात देऊन टाकले. रविवारी शीळ घालणारा माणूस बुधवारी बूट वाटतो! मी तशीच गेले आणि परत आणले. दुकानातली बाई म्हणाली, "एकदा दिलेलं परत देत नाही आम्ही." मी तिच्याकडे असं बघितलं की दिले.

"कशाला आणलेस?" क्लॅरी म्हणाला. "लॉन्सेस्टनला फरशी आहे सगळीकडे."

मी बूट त्याच्या दारामागे ठेवले आणि आले.

गुरुवार, १३ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

वर्ग सुरू व्हायच्या आधीच नेव्हिल म्हणाला, "लोरेनचं यंत्र समोरचा पबसुद्धा शोधायचं नाही." माझं डोकं तडकलं. त्याच जुन्या गठ्ठ्यातला आमच्या गावचा नकाशा काढला, पबचे आकडे काढले, यंत्रात घातले आणि म्हटलं, "चला सगळे. पब सापडला की पहिला ग्लास नेव्हिलचा."

अख्खी वरात रस्त्यावर. मी पुढे, बाणाच्या मागे. पबचं दार आलं. बाण थांबेना. पब मागे पडला. लोक खिदळायला लागले. मी हट्टाने चालत राहिले, कुंपण ओलांडलं, आणि यंत्राने किणकिण केलं: पोहोचलात. बघते तर मी स्मशानात उभी, बेकरीवाल्या हॅरोल्डच्या थडग्यापाशी!

"पब कधी हलवला रे?" क्लॅरी कुंपणाबाहेरून ओरडला. "मला कळवलं नाही कोणी!"

लोक पोट धरून हसत होते. नेव्हिल तर खाली बसला. मी हसले नाही. मी मागे वळून पबकडे बघत होते. दोनशे मीटर, ईशान्येला. पब आहे तिथंच आहे, थडगं आहे तिथंच आहे. आकडे मी बरोबर वाचले. म्हणजे आकडे मुळातच दुसऱ्या मापाचे!

घरी येऊन तो जुना नकाशा पुन्हा उघडला. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की ही जुनी मोजणी. पुढे देशाची मोजणी नव्याने केली तेव्हा नकाशावरच्या आडव्या-उभ्या रेघांचं अख्खं जाळं दोनशे मीटर सरकवलं. जमीन जागच्या जागी, आकडे सरकले. यंत्राला सांगावं लागतं की बाबा, हे आकडे जुन्या जाळ्यातले आहेत. यंत्राच्या सेटिंगमध्ये ती एक ओळ बदलायची असते. मी ती वर्गात शिकवत नाही, कारण मला वाटायचं ती कोणाला लागत नाही.

वर्ग मी घेते आणि ओळ मीच विसरले! काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या रानात दोनशे मीटर म्हणजे परदेश. झोपडीच्या उशाशी जाऊन आम्ही परत आलो.

ओळ बदलली. पबचे तेच आकडे पुन्हा घातले. बाण सरळ पबच्या दाराकडे. मी एकटीच स्वयंपाकघरात नाचले.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी क्लॅरीला सांगितलं. त्याने अंड्याचं टरफल सोलणं थांबवलं.

"म्हणजे असू शकेल?"

"असेल तर पहिल्या जागेच्या ईशान्येला. तुमच्या खुर्चीवरून उजव्या हाताला."

त्याने अंडं तसंच बशीत ठेवलं. मग म्हणाला, "नेव्हिलला सांगितलंस?"

"अजून नाही. गुरुवारी सांगणार, तोंडावर. चार गाड्या घेऊन परत जाऊ आणि पुस्तिकेत पहिल्या पानावर..."

"त्याला नको सांगूस."

"का?"

"पाऊस येणार आहे."

आभाळ स्वच्छ होतं. पावसाचा आणि नेव्हिलचा संबंध काय, ते देव जाणे. पण म्हातारा बुटांना चरबी चोळायला बसला, तेव्हा मी वाद घातला नाही. मंगळवारी आम्ही दोघंच जाणार. सापडली तर तोंडावर सांगायला जास्त मजा.

मंगळवार, १८ मार्च

सापडली.

तळ्यापाशी गाडी लावली तेव्हा गवतावर दहिवर पांढरं झालं होतं. क्लॅरीने दोन काठ्या घेतल्या. दर थोड्या वेळाने थांबायचं, खुबा शिव्या खायचा, मग पुढे. मी चार वेळा म्हटलं, "परत फिरायचं का?" पाचव्यांदा म्हटलं तेव्हा म्हणाला, "तू फीर. यंत्र इथं ठेव."

झुडपांत शिरलो. शंभर मीटर उरले तेव्हा बाण सरळ एका काळ्या दलदलीतून जा म्हणत होता. मी पाऊल टाकणार तेवढ्यात क्लॅरीने माझी पाठपिशवी मागून धरली.

"इथनं नाही. वाट नेहमी मागनं असायची. समोरनं आलं की पोलिसाला दिसायचं." हंगाम नसताना फासे लावायचे ना, म्हणून. म्हातारा पुढे झाला. खोडांवर हात ठेवत चालला, एका मोठ्या दगडाला वळसा घातला, आणि तो मला काहीही दाखवत नव्हता, नुसता चालत होता, जसा घरी अंधारात न्हाणीघराकडे जातो तसा. यंत्रात बाण उलटा-सुलटा फिरत होता. मग किणकिण झाली, आणि खरंच समोर भिंत होती.

उभ्या फळ्यांची, करड्या रंगाची. अर्धं छप्पर आत कोसळलेलं, पण दगडी धुराडं ताठ. मी इतकी ओरडले की पक्षी उडाले. आणि सवयीने, विचार न करता, बटण दाबून जागा साठवली. क्लॅरीने ते बघितलं.

आत वाकून जावं लागतं. झोपायच्या दोन फळ्या होत्या, एक बापाची, एक त्याची. त्याच्या फळीवर तो बसला आणि पाय जमिनीला टेकले. हसायला लागला. "टेकायचे नाहीत," म्हणाला, "लोंबकळायचे." मग हसता हसता रडायला लागला, आणि मी पण. आम्ही दोघं त्या उंदरांच्या लेंड्यांत बसून रडलो. नंतर मी थर्मासमधला चहा ओतला.

चहा पिताना मी म्हटलं, "डॅरिलला कधी आणलं होतं इथं?"

"एकदा निघालो होतो. तळ्यापाशी म्हणाला, पाय दुखतात. गाडीत बसून राहिला." कप खाली ठेवून म्हणाला, "बापाने मला सांगितलं होतं, ही जागा कागदावर घालायची नाही, तोंडाने सांगायची नाही. ज्याला द्यायची त्याला चालवत आणायचं. त्याने मला चालवत आणलं."

"म्हणून त्या दिवशी नेव्हिलला आठवत नाही म्हणालात?"

"मला चांगलं आठवत होतं. रान इतकं माजेल असं वाटलं नव्हतं, म्हणून तुझं खेळणं लागलं. पण बाजू आठवत होती. तुला हनुवटीने दाखवलं, तर तू माशा मारत बसलीस."

मी मूर्ख आहे. लिहून ठेवते, पुन्हा लिहायला लावू नये कोणी.

"आता तुझी ही," तो म्हणाला.

"क्लॅरी, मी तुमची सूनसुद्धा नाही राहिले. कागदोपत्री मी तुमची कोणी नाही."

"कागदावर घालायची नाही असं आत्ता काय सांगितलं मी?" म्हातारा खेकसला. "आणि तुला विचारलंय कोणी? चालत आलीस ना? मग झालं. छपराचं बघ. धुराड्याच्या बाजूने आधी कर, तिकडून पाणी येतं."

परत येताना पाऊस लागला. खरंच लागला.

गुरुवार, २७ मार्च

ईस्टरनंतरचा पहिला वर्ग. क्लॅरीचा शेवटचा. हॉलमध्ये त्याच्यासाठी खोबरं लावलेले लेमिंग्टन केक आणले होते सगळ्यांनी.

मी ती जुन्या-नव्या मोजणीची ओळ शिकवली. पबचे आकडे फळ्यावर लिहिले, पबवाल्यानेच टाळ्या वाजवल्या. मग नेव्हिल मागच्या रांगेत हळूहळू उभा राहिला. मूर्ख नाही तो.

"थांब, लोरेन. म्हणजे आपण त्या दिवशी झोपडीपासून दोनशे मीटरवर होतो?"

"हो."

"मग तू परत गेलीस?"

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या खिशात यंत्र, यंत्रात खूण, आणि कॅमेऱ्यात ताठ धुराड्याचा फोटो. सहा आठवडे मी या एका क्षणाची वाट बघत होते. काय बोलायचं तेसुद्धा पाठ केलं होतं. पहिलं वाक्य होतं, "नेव्हिल, तुझ्या काकांना माझा नमस्कार सांग."

क्लॅरी लेमिंग्टनवरचं खोबरं बोटाने टिपत होता. वर बघत नव्हता.

"गेलो होतो," मी म्हटलं. "नवे आकडे घालून, बरोबर जागी."

"आणि?"

"तुझंच खरं. जळाली. काही नाही तिथं."

नेव्हिलने आधी क्लबवाल्यांकडे बघितलं. मग फुलला. "म्हणजे यंत्र हरलं म्हणायचं!"

"हरलं," मी म्हटलं. यंत्र खिशात आणखी खाली ढकललं. "लिही तुझ्या पुस्तिकेत. जळाली. मोठ्या अक्षरांत लिही."

क्लॅरीला जोराचा ठसका लागला. कोणीतरी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं. खोबरं घशात गेलं, म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याच्या.

शनिवार, २९ मार्च

जेनिस दहाला आली. पेट्या चढवल्या. क्लॅरीने बूट घेतले नाहीत, माझ्या दारात ठेवले. मला दोन नंबर मोठे होतात. जाड मोजे घातले की झालं.

जेनिस म्हणाली, "बाबा, ती झोपडी बघायची राहिलीच तुमची. वाईट वाटतंय मला."

"कुठली झोपडी?" क्लॅरी म्हणाला.

जेनिसने माझ्याकडे काळजीने बघितलं. मीही बघितलं, तितक्याच काळजीने.

गाडी गेली. मी फाटकात उभी राहून मोठमोठ्याने रडले. शेजारची बाई बघत होती, बघू दे. मग कोंबड्यांना दाणे घातले. डेव्हनपोर्टच्या फ्लॅटवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. टियर्सच्या पायथ्याशी, वर जाणाऱ्या रस्त्यालगत एक खोली भाड्याने आहे, ती सोमवारी बघायला जायचंय. छपराला पत्रे लागतील, ते पाठीवरून एकेक करून न्यावे लागतील, आणि मागच्या बाजूने.

कॅमेऱ्यातले फोटो पुसून टाकले. मग यंत्र उघडलं, खुणांच्या यादीत गेले, ती एक निवडली. यंत्राने विचारलं, नक्की पुसायची?

म्हटलं, हो. मी चालत गेलेय तिथं.